लेनी टेलर यांच्या कादंबरीत्रयीतील प्रीती आणि युद्ध

अमेरिकन लेखिका लेनी टेलर यांची ‘डॉटर ऑफ स्मोक अँड बोन’ ही अद्भुतरम्य कादंबरीत्रयी (२०११, २०१२, २०१४) कुमारवयीनांसाठी लिहिलेली आहे. पंखधारी सेराफिम आणि पशुमानव किमेरा यांच्या युद्धात शत्रुपक्षांतील दोघांची प्रीती, हे तिचे सूत्र तसे जुनेच. अकिवा हा सेराफिम योद्धा. प्रागमध्ये चित्रकला शिकणारी कारू पूर्वजन्मीची किमेरा. पहिल्या खंडाची गोडी या पूर्वजन्मीच्या रहस्यात आहे असे प्रथम वाटते. वस्तुतः ती दातांत आहे! कारूचा पालक ब्रिमस्टोन दात विकत घेतो, त्यांतून मृत सैनिकांसाठी नवी शरीरे घडवितो. आणि या जादूचे मोल वेदनेनेच चुकते करावे लागते. मेलेला सैनिक पुन्हा उभा राहतो, म्हणून युद्धही थांबत नाही.

दुसऱ्या खंडात हेच काम मोरोक्कोतील एका गढीत कारूच्या वाट्याला येते. (मराठीत ‘कारू’ म्हणजे कारागीर, योगायोग खरा, पण समर्पक.) अकिवाने उघड केलेल्या गुपितामुळेच तिच्या लोकांचा संहार झालेला असतो. प्रणयाच्या ओढीने आलेला वाचक येथे हिरमुसेल. परंतु क्षमा इतकी दुष्कर करून दाखविल्यानेच हा खंड तिघांत सरस ठरतो. तिसऱ्यात देवदूतांचे सैन्य रोममध्ये उतरते, नवी पात्रे येतात, पसारा वाढतो आणि वेदनेचा हिशेब सैल पडतो. बाहुल्या घडविणाऱ्या झुझानाचा खट्याळपणा तेवढा शेवटपर्यंत ताजा राहतो.