देवाचा हात, देवाची मान

दर चार वर्षांनी आमच्या पेठेत एक भांडण नव्यानं सुरू होतं. एका कोपऱ्यावर अर्जेंटिनाचा बॅनर, समोरच्या कोपऱ्यावर ब्राझीलचा, आणि मधल्या चहाच्या गाड्यावर ठरलेलं वाक्य : ‘मॅराडोनानं शहाऐंशीचा वर्ल्डकप एकहाती काढला भावा!’ कोल्हापुरात वाढल्यामुळे ऑफसाइड कळायच्या आधी मी हे वाक्य ऐकलं. बरीच वर्षं ते खरंही मानलं. पुढे तालमीच्या ज्युनिअर टीममध्ये बचावफळीत खेळायला लागलो, तेव्हापासून ‘एकहाती’ हा शब्द टोचतो.

२२ जून १९८६ चा, इंग्लंडविरुद्धचा तो दुसरा गोल तुम्ही रीलवर पाहिला असेलच. मोबाइलच्या उभ्या चौकटीत मॅराडोना, त्याच्या पायाला चिकटलेला बॉल आणि एकामागून एक मागे पडणारे इंग्लिश खेळाडू. आता तोच गोल यूट्यूबवर मोबाइल आडवा धरून बघा. सुरुवातीला हेक्टर एन्रिकेचा साधा, छोटा पास दिसतो. मग दिसतो डावीकडून जिवाच्या आकांतानं धावणारा होर्हे वाल्दानो. बॉल त्याच्याकडे जाईल, ही भीती इंग्लंडच्या बचावफळीला शेवटपर्यंत आहे. वाल्दानोला पास द्यायचा आपला विचार होता, असं मॅराडोनानं स्वतः नंतर सांगितलंय. रीलच्या उभ्या चौकटीत वाल्दानो मावत नाही. आपल्या आठवणीतही तो मावलेला नाही.

पण समोरच्याची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्या स्पर्धेत अर्जेंटिनानं सात सामन्यांत १४ गोल केले. त्यांतले पाच मॅराडोनाचे, आणखी पाच त्याच्या पासवर झालेले. उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे. हे आकडे बघून ‘अकरातला एक’ असं म्हणणं म्हणजे शुद्ध कोडगेपणा. तो नसता तर कप आला नसता, हे मी पैज लावून सांगेन. माझा प्रश्न वेगळा आहे. फक्त तो असता, तर आला असता का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९८२ मध्ये स्पेनमध्ये हाच मॅराडोना होता. सोबत १९७८ चे जगज्जेते केम्पेस, आर्दिलेस, पासारेला. कागदावर ती टीम भारी. पण इटलीकडून हरली, ब्राझीलकडून हरली, आणि ब्राझीलविरुद्ध लाल कार्ड घेऊन मॅराडोना बाहेर गेला. चार वर्षांनी टीममधली नावं लहान झाली, पण प्रशिक्षक कार्लोस बिलार्दोनं मांडणी बदलली. पासारेलाऐवजी मॅराडोनाला कप्तान केलं, मागे तीन जण ठेवले आणि मधली फळी भरून टाकली, म्हणजे दहा नंबरला मागे धावायची चिंता नको. मॅराडोनाला जे स्वातंत्र्य मिळालं, त्याची किंमत बाकीचे पळून चुकवत होते.

इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या गोलाला जगानं ‘देवाचा हात’ म्हटलं. शब्दशः एकहाती म्हणावा असा तोच एक गोल, आणि तो नियमानं बाद व्हायला हवा होता! त्याच सामन्यात शेवटी इंग्लंडनं एक गोल फेडला, आणि दुसराही लिनेकर मारणारच होता. हुलिओ ओलार्तिकोएचेआनं गोलच्या तोंडात झेपावून मानेच्या मागच्या भागानं तो बॉल बाहेर काढला. अर्जेंटिनात त्याला ‘देवाची मान’ म्हणतात. आमच्या गाड्यावर या मानेचं नाव कुणी काढत नाही.

अंतिम सामन्यात तर मॅराडोनाचा गोलच नाही. पहिला गोल होसे लुइस ब्राउनचा, ज्याला तेव्हा धड क्लबही नव्हता. पासारेला आजारी पडला म्हणून तो खेळला. पुढे त्याचा खांदा निखळला, तर जर्सीला दातानं भोक पाडून त्यात बोट अडकवलं आणि तो खेळत राहिला. पश्चिम जर्मनीनं २-२ केल्यावर मॅराडोनाचा पास आला आणि बुरुचागा एकटा धावत गेला. पास थोर होताच. पण पुढची ती लांबलचक धाव बुरुचागाचीच होती.

आता उलट उदाहरण बघा. लायबेरियाचा जॉर्ज वेआ हा १९९५ चा बॅलन डी’ओर विजेता. यादवी युद्धानं मोडलेल्या देशाच्या टीमचा तो कप्तान, पुढे प्रशिक्षकही, आणि खर्चही बऱ्याचदा त्याच्याच खिशातून. टीम खांद्यावर वाहणं याहून वेगळं काय असतं? तरी २००२ च्या वर्ल्डकपची पात्रता एका गुणानं हुकली. वेआ कमी पडला नाही. त्याच्या मागे बिलार्दोची मांडणी नव्हती, मैदानं नव्हती, लीग नव्हती.

हे सगळं मी इतकं ताणतोय, कारण ‘एकहाती’ला दुसरी बाजू असते. आमच्या टीममध्ये एक पोरगा होता, आमच्यापेक्षा कितीतरी सरस. प्रत्येक बॉल आम्ही त्यालाच द्यायचो. एका फायनलला त्याचा गुडघा सुजला होता. आम्हाला माहीत होतं, तरी बॉल त्यालाच दिले. त्या दिवशी हरलो, आणि त्याचा गुडघा कायमचा गेला. गाड्यावर निकाल लागला : ‘त्यानं घालवली मॅच.’ मी तेव्हा तिथंच चहा पीत होतो. बोललो नाही.

सुनील छेत्री २०२४ मध्ये निवृत्त झाला. गोल होईनात म्हणून २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलावलं. तो आला. तरी २०२७ च्या आशिया चषकासाठी भारत पात्र ठरला नाही. आता पुढचा छेत्री कोण, याची चर्चा सुरू आहे. त्याला पास कोण देणार आणि डावीकडून धावणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

पुढच्या वर्ल्डकपला गाड्यावर ते वाक्य पुन्हा येईल. या वेळी मी मोबाइल आडवा धरून दाखवणार आहे.