‘दिलेले’ की ‘रचलेले’? : मापनयंत्राच्या भाषेतील आधारप्रतल

लॅटिन ‘डेटम’ आणि संस्कृत ‘दत्त’ ही ‘देणे’ ह्या अर्थाच्या एकाच मूळ धातूपासून निघालेली रूपे होत. जे आधीच दिलेले आहे व ज्यावरून पुढील सर्व मोजावयाचे, ते डेटम. परंतु कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर, म्हणजे कारखान्यातील बोलीत सीएमएमवर, आधाराचे प्रतल कोणी देत नाही; ते स्पर्शबिंदूंवरून रचावे लागते. ह्या रचनेतील कित्येक दोष गणिताचे नसून संज्ञांचे असतात. डीएमआयएस ह्या मापनभाषेचे परीक्षण केल्यास हे दिसून येईल.

येथे तीन वस्तू वेगळ्या मानावयास हव्यात : यंत्रभागाचे खरे, किंचित ओबडधोबड पृष्ठ, त्यावर घेतलेले मोजके बिंदू, आणि त्या बिंदूंशी जुळविलेले आदर्श प्रतल. खरे पृष्ठ व आदर्श आधार हा भेद आयएसओ ५४५९ हे मानक मान्य करते. अमेरिकन वाय१४.५ मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत ‘सिम्युलेटर’ हा एकच शब्द सैद्धांतिक प्रतिरूप आणि प्रत्यक्ष उपकरण ह्या दोहोंसाठी योजिला होता. २०१८ मध्ये तो केवळ उपकरणापुरता ठेवण्यात आला. संज्ञेची ही दुरुस्ती योग्यच होय.

डीएमआयएसमध्ये ‘एफ’ म्हणजे आराखड्यातील घटक व ‘एफए’ म्हणजे प्रत्यक्ष घटक. हा भेद स्तुत्य आहे. परंतु प्रतलाच्या बाबतीत हा ‘प्रत्यक्ष’ घटक प्रत्यक्ष नसतो. तो गणिताने जुळविलेला असतो. ‘डॅटडेफ’ ही आज्ञा त्यालाच आधाराचे नाव देते, आणि मधली पायरी वाचकाच्या दृष्टीआड होते. जुळणीची रीत सांगणारी ‘जिओअल्ग’ ही आज्ञा भाषेत आहे, पण ती आधाराच्या विधानापासून अलग आहे.

ह्याचे परिणाम शाब्दिक नाहीत. न्यूनतम वर्गांचे प्रतल पृष्ठाच्या उंचसखल भागांमधून जाते. जोडणीत मात्र तो भाग उंच बिंदूंवर टेकतो. म्हणून पदार्थाबाहेरून स्पर्श करणारे प्रतल हवे तेथे पहिले चालत नाही. ‘३-२-१’ ह्या सूत्राचाही असाच विपर्यास होतो. ते सहा स्वातंत्र्यमात्रा बांधण्याचे सूत्र आहे, बिंदुसंख्येचे नव्हे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून प्रतल नेहमीच बिनचूक जाते. म्हणूनच पृष्ठाचा दोष ते कधीच सांगत नाही. तसेच ४० मि.मी. अंतरावरील दोन बिंदूंपैकी एकात ०.००५ मि.मी. चूक असल्यास दुसऱ्यापासून त्याच दिशेने ४०० मि.मी. अंतरावर ती ०.०५ मि.मी. होते.

मराठीत ‘पृष्ठ’ व ‘प्रतल’ हे दोन शब्द आयते उपलब्ध आहेत. ‘आधारपृष्ठ’ खऱ्या वस्तूस आणि ‘आधारप्रतल’ रचलेल्या आदर्शास, असा नेम अध्यापनात कटाक्षाने पाळावा. आणि प्रत्येक आधारप्रतलासोबत बिंदूंची संख्या, त्यांचा विस्तार, जुळणीची रीत व सपाटपणातील विचलन नोंदविण्याचा दंडक असावा. ज्याची रचना सांगता येत नाही, त्यास ‘दत्त’ म्हणण्याचा अधिकार नाही.