लाथेला जागा किती?

किकबॉक्सिंगची ओळख करून देताना एक हिशेब हमखास मांडला जातो: कराटेच्या लाथा अधिक बॉक्सिंगचे ठोसे. हिशेब सुटसुटीत आहे, पण त्यात थायलंड हा अख्खा देश गळतो.

पारंपरिक कराटेच्या बऱ्याच स्पर्धांत प्रहार अंगाला लागण्याआधी थांबवायचा असे. आपला ठोसा समोरच्याला खरोखर पाडेल का, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहायचा. तात्सुओ यामादा यांच्यासारख्या कराटे शिक्षकांना तो सतावत होता. पूर्ण ताकदीने मारण्याची मुभा असलेली स्पर्धा त्यांना हवी होती. ही कल्पना उचलून धरली ती ओसामू नोगुची या बॉक्सिंगच्या लढती भरवणाऱ्या गृहस्थांनी. फेब्रुवारी १९६४ मध्ये ओयामा दोजो या कराटेशाळेचे तीन कराटेपटू बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये मुए थाई या थायलंडच्या लढाऊ खेळातल्या खेळाडूंसमोर उभे राहिले. तादाशी नाकामुरा आणि आकिओ फुजिहिरा जिंकले. त्यांच्यासोबतचे शिक्षक केंजी कुरोसाकी कोपराचा तडाखा बसून हरले. निकाल दोन-एक, जपानच्या बाजूने. तरीही किकबॉक्सिंगला पुढे जे मिळालं, ते त्या दोन विजयांपेक्षा या एका पराभवातून जास्त मिळालं असं मला वाटतं. कराटेत काय कमी आहे हे कुरोसाकींना स्वतःच्या अंगावर कळलं होतं.

नोगुचींनी ‘किकबॉक्सिंग’ हे नाव दिलं आणि एप्रिल १९६६ मध्ये ओसाकात पहिली लढत भरवली. सुरुवातीच्या नियमांत डोक्याची धडक आणि फेकही चालत. तादाशी सावामुरा हा खेळाडू दूरचित्रवाणीवर घराघरांत पोचला. तो निवृत्त झाल्यावर मात्र लाट ओसरली. एका माणसाच्या खांद्यावर अख्खा खेळ पेलला गेला होता.

अमेरिकेत वेगळंच घडलं. सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘फुल कॉन्टॅक्ट कराटे’च्या जागतिक विजेतेपदाच्या लढती झाल्या. जो लुईस आणि बिल वॉलेस हे तिथले विजेते. लांब पँट, पायात पॅड आणि लाथ फक्त कमरेच्या वर. लवकरच लक्षात आलं की हातात ग्लोव्ह्ज चढले की खेळाडू लाथ विसरतात, नुसतं बॉक्सिंग करत राहतात. म्हणून प्रत्येक फेरीत किमान आठ लाथा मारण्याची सक्ती आली. या खेळातली सगळ्यात उदास तरतूद मला हीच वाटते. एखादी हालचाल टिकवायला मोजणी करणारा माणूस बसवावा लागतो, तेव्हा त्या नियमांच्या चौकटीत तिची गरजच उरलेली नसते.

मांडी सुरक्षित असेल तर माणूस कसा उभा राहतो? आडवा, पुढच्या पायावर भार टाकून, पाय लांब रोवून. १९८८ साली लास वेगासमध्ये अमेरिकेचा रिक रूफस थायलंडच्या चांगपुएक कियातसोंगरितसमोर असाच उभा होता. पहिल्याच फेरीत त्याने चांगपुएकला पाडलं, त्याचा जबडा मोडला. चांगपुएक उठला आणि रूफसच्या मांडीवर नडगीने मारत राहिला. एक, दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीत रूफसला उभं राहता येईना. त्याच्या धाडसात खोट नव्हती. त्याच्या नियमपुस्तकाने त्याला मांडीबद्दल काही शिकवलंच नव्हतं.

कमरेखालच्या या लाथेचं शास्त्र युरोपात सर्वांत नेटकं घडवलं ते डचांनी. कुरोसाकींच्या तोक्योतल्या मेजिरो जिममध्ये शिकलेल्या यान प्लास यांनी त्याच नावाची जिम १९७८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये काढली. ठोशांची मालिका आणि शेवटी मांडीवर लो किक, ही तिथली ओळख. युक्ती साधी दिसते, पण बारीक आहे. थाई खेळाडू लो किक येताना दिसली की गुडघा उचलून नडगीवर झेलतो. डच खेळाडू आधी यकृतावर किंवा जबड्यावर हूक मारतो. समोरच्याचे हात तिकडे जातात आणि शरीराचा भार पुढच्या पायावर येतो. भार आलेला पाय उचलता येत नाही. त्याच क्षणी त्या मांडीवर लाथ पडते. कराटे, बॉक्सिंग आणि मुए थाई इथे खरे एकजीव झाले. डच खेळाडू अर्नेस्टो हूस्टच्या लढती पाहताना तिन्हींमधला सांधा सापडत नाही.

काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या के-वन या स्पर्धेने या शैलीला मोठा मंच दिला. तिथे कोपर बंद होतं, फेऱ्या तीन. मानेला पकडून गुडघे मारण्यावर हळूहळू बंधनं आली. थायलंडचा बुआकाव २००४ मध्ये के-वनचीच ‘मॅक्स’ स्पर्धा जिंकला तेव्हा गुडघे हे त्याचं मोठं अस्त्र होतं. २००६ मध्ये पुन्हा जिंकला तेव्हा अंतिम लढत त्याने ठोशांनी संपवली. नियमांनी त्याचं शरीर दोन वर्षांत नव्याने घडवलं.

आज अवस्था काय? हौशी खेळाची जागतिक संघटना वाको हिला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली, पण तिच्या एका छत्राखाली पॉइंट फायटिंगपासून के-वनपर्यंत इतके प्रकार आहेत की एकातला विजेता दुसऱ्यात नवखा ठरावा. व्यावसायिक खेळातले मोठे खेळाडू मिश्र मार्शल आर्ट्सकडे (एमएमए) वळतात. ग्लोरी या किकबॉक्सिंग स्पर्धेत दोन वजनगटांचं विजेतेपद मिळवलेला ॲलेक्स परेरा एमएमएच्या यूएफसीत गेला आणि जगाला माहीत झाला तो तिथेच. मला जास्त खुपतो तो सारखेपणा. तीन फेऱ्यांत अंतर जोखायला, समोरच्याला वाचायला वेळ नसतो. म्हणून जो तो जवळ जातो आणि तीच डच मालिका मारतो. कराटेची लांबून, अनपेक्षित कोनातून येणारी लाथ विरळ होत चालली आहे.

ती निरुपयोगी झाली म्हणून नाही. १९९६ च्या के-वन ग्रां प्रीच्या अंतिम लढतीत क्योकुशिन कराटेमधून आलेला अँडी हूग माइक बर्नार्डोसमोर होता. बर्नार्डो उंच, ठोशांचा पक्का. हूग गिरकी घेऊन वळला. लाथ डोक्याकडे येईल असं वाटावं, तर टाच थेट मांडीवर बसली. बर्नार्डो खाली गेला आणि लढत तिथेच संपली.