नाट्यशास्त्राची वाट मुखेडपर्यंत

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या महाविद्यालयातून बी.ए. झालेल्या, युवक महोत्सवात एकांकिका आणि लोकनाट्य गाजवलेल्या विद्यार्थ्याला नाटकाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर आज पुण्या-मुंबईचीच वाट धरावी लागत नाही. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलात नाट्यशास्त्र शिकता येते. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे आहेत. सोय झाली आहे. प्रश्न आहे तो या शिक्षणातून मराठवाड्याची रंगभूमी समृद्ध होते आहे का, हा.

मराठवाड्यात नाट्यशिक्षणाची परंपरा जुनी आणि मोलाची आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ साली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी मात्र तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाची पायाभरणी सत्तरच्या दशकातच केली होती. पुढे तिथेच रुस्तुम अचलखांब यांनी तमाशा हा गंभीर अभ्यासाचा विषय केला. नांदेड जिल्ह्यातल्या दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’तून दलित चळवळीतले मतभेद थेट रंगमंचावर आणले. प्रभाकर मांडे यांनी लोकरंगभूमीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. ही माणसे मोठी ठरली, कारण आपल्या भोवतालाकडे त्यांनी ज्ञानाचा ठेवा म्हणून पाहिले.

आजच्या नाट्यशिक्षणात हीच नजर क्षीण झाली आहे, असे माझे मत आहे. भरताचे नाट्यशास्त्र, ग्रीक शोकांतिका, स्तानिस्लाव्हस्की, ब्रेख्त हे सगळे शिकलेच पाहिजे. पण लोककला अनेकदा एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरती उरते आणि स्नेहसंमेलनात रंगत आणायला कामी येते. वास्तविक ब्रेख्तचा ‘दूरीकरणाचा’ सिद्धांत समजून घ्यायला तमाशातल्या सोंगाड्याइतका चांगला शिक्षक नाही. तो वगातून क्षणात बाहेर पडतो, प्रेक्षकांशी बोलतो, राजाची खोड काढतो आणि तितक्याच सहजतेने पुन्हा भूमिकेत शिरतो. गोंधळी दोन माणसे आणि एका संबळावर रात्रभर आख्यान पेलतो. कथन, अभिनय आणि संगीत यांची ही सांधेजोड परभणीच्या राजाराम कदमांनी ज्या उंचीवर नेली, तिथपर्यंत पोचायला सूक्ष्म निरीक्षण आणि वर्षानुवर्षांची तालीम लागते.

नांदेड जिल्ह्याकडे तर अभ्यासाचे साहित्य मुबलक आहे. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सव होतो, वाघ्या-मुरळी जागरण घालतात. माहूरला रेणुकेच्या दारी गोंधळ आहे, किनवटकडे आदिवासींची दंडार आहे आणि मुखेड तालुक्यातल्या तांड्यांवर होळीला बंजारा लेंगी घुमते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गांना प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. ते तास फडात, जागरणात आणि तांड्यावर का घालवू नयेत? विद्यार्थ्याने राहुटी ठोकण्यापासून तिकीटविक्रीपर्यंत फडाचा संसार पाहावा, गण-गवळणीचे ध्वनिमुद्रण करावे, कलावंताकडून हक्काने शिकावे आणि त्या कलावंताला विद्यापीठाने शिक्षकाचे मानधन द्यावे.

दुसरा प्रश्न बोलीचा. मुखेड-देगलूरच्या बोलीत कन्नड आणि तेलुगूचा शेजार ऐकू येतो. इथला विद्यार्थी नाट्यवर्गात आला की त्याच्या उच्चारांवर काम सुरू होते. प्रमाण उच्चार नटाला यायलाच हवेत. पण त्यासाठी मूळ बोलीची लाज वाटायला लावणे हा शिक्षणातला दोष आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली आले. त्याचे लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे शेतकरी. नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकातली मराठवाडी बोली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. बोलीत विचार पेलण्याची ताकद आहे, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न पदवीनंतरचा. नाटकात एम.ए. झालेल्याला प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा देता येते, पण पदे मोजकी. मग बहुतेकांची पावले मालिका-चित्रपटांच्या आशेने मुंबईकडे वळतात. त्यात चूक काही नाही. माणसाला पोट आहे. मात्र शिकलेला प्रत्येक जण निघून गेला, तर तालुक्यात नाटक उभे करणार कोण? राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपुरती तालीम करायची, दोन प्रयोग करायचे आणि नेपथ्य अडगळीत टाकायचे, हे चक्र अनेक हौशी संस्थांना तोडता आलेले नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, रंगमंच व्यवस्था यांचे शिक्षण घेतलेला माणूस गावात टिकला तरच दोनाचे वीस प्रयोग होतील.

त्यासाठी नाट्यशिक्षण शाळांपर्यंत उतरायला हवे. संगीत-चित्रकलेसारखा नाटकाचाही शिक्षक शाळेत असावा, ही मागणी विद्यापीठांनी शासनाकडे लावून धरली पाहिजे. विभागांनी आपले परीक्षा-प्रयोग जिल्ह्याच्या सभागृहातच न थांबवता मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूरला न्यावेत. मैदानात, शाळेच्या ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे करावेत. प्रबंधही मराठीत, सर्वांना वाचता येतील असे छापावेत. अचलखांब-भगतांच्या पिढीने मराठवाड्याचे जगणे नाट्यशास्त्राच्या वर्गात आणले. आजच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तो वर्ग मराठवाड्याच्या तालुक्यांत नेला, तरच या पदवीला अर्थ राहील.