चाप कोण ओढतं?

सुझन सोंटॅगने ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये (१९७७) कॅमेऱ्याला बंदूक आणि मोटारीच्या रांगेत बसवलं: वापरायला सोपी, चटक लावणारी यंत्रं. हौशी फोटोग्राफर म्हणून हे वाचताना मी ओशाळतो, कारण ते खरं आहे.

पण या तुलनेत एक गृहीतक आहे: चाप माणूस ओढतो. माझ्या जुन्या निकॉन एफएम२चं तसंच आहे. शटर यांत्रिक, बॅटरी फक्त प्रकाशमापकापुरती. फोटो काळा आला तर चूक माझी.

आजच्या अनेक फोनमध्ये कॅमेरा उघडला की फ्रेम्स साठू लागतात. बोट टेकतं तेव्हा काही आधीच टिपलेल्या असतात. मग त्या एकत्र करून सावल्या उजळल्या जातात. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्याच जमातीतला मी. तरी आजीचा चुलीपुढचा फोटो पाहून चरकलो. स्वयंपाकघर लख्ख दिसत होतं. ज्या काळोखात ती आयुष्यभर राबली, तो फोनने दोष समजून पुसला होता.

कॅमेऱ्याच्या हावरेपणाबद्दल सोंटॅगने सावध केलंच आहे. फोटो ‘सुधारण्याच्या’ या सवयीचा हिशोब मात्र आपल्यालाच मांडावा लागेल.