वाटेची आठवण : 'डार्क सोल्स' आणि 'डार्क सोल्स टू'

या लेखाचे मूळ एका दोनशे पानी वहीत आहे. वहीच्या पहिल्या भागात एक नकाशा आहे. तो एका पानावर मावेना, म्हणून आणखी दोन पाने डिंकाने जोडून पूर्ण केला. दुसऱ्या भागातही नकाशाच काढायचा होता. पण चार-पाच दिवसांत रेघा थांबल्या आणि एस.टी. स्टँडवरच्या फलकासारखी एकाखाली एक गावांची नावे तेवढी उरली. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या, एकाच पद्धतीने सुरू केलेल्या. एकीचा नकाशा झाला आणि दुसरीची यादी, असे का झाले, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

नोंदी दोन व्हिडिओ गेमच्या आहेत. कथनाची रचना हा माझा अनेक वर्षांचा अभ्यासविषय. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही, त्यामुळे अभ्यासाला काय चालते आणि काय चालत नाही हे सांगणारेही कुणी नव्हते. पन्नाशी उलटल्यावर भाच्याने त्याचा जुना संगणक मला दिला, त्यात हे खेळ होते.

'डार्क सोल्स' हा खेळ फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने २०११मध्ये आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. 'डार्क सोल्स टू' आला २०१४मध्ये. तेव्हा मियाझाकी 'ब्लडबोर्न'च्या कामात होते, त्यामुळे दिग्दर्शन तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांच्याकडे आले. दोन्ही खेळांचे नियम ढोबळमानाने सारखे आहेत. आपण शापित, मरूनही न मरणारे. शत्रूला मारले की 'आत्मे' मिळतात. तेच चलन आणि तीच शक्ती. आपण मेलो की ते सगळे मेल्या जागी पडून राहतात. तिथपर्यंत पुन्हा पोहोचलो तर परत मिळतात, वाटेतच मेलो तर कायमचे जातात. वाटेत शेकोट्या आहेत. शेकोटीपाशी बसले की औषधाची कुपी भरते, पण मारलेले शत्रूही पुन्हा उभे राहतात.

दुसरा खेळ पहिल्यापेक्षा उणा, असे सर्वसाधारण मत आहे. त्याच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मात्र विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या खेळाचा विषय विस्मरण आहे, म्हणून त्याचे जगही तुटक, स्वप्नासारखे आहे, असे त्याचे पाठीराखे म्हणतात. मलाही हे बरेच दिवस पटत होते. आता पूर्ण पटत नाही.

आधी पहिल्या खेळाची स्थलरचना पाहू. फायरलिंक श्राइन या पडक्या देवळापाशी प्रवास सुरू होतो. तिथून चढत आपण अनडेड बर्ग या तटबंदीच्या वस्तीत जातो. गल्ल्या, गच्च्या, बुरुज, मग ड्रॅगनने आग ओकून भाजून काढलेला पूल, आणि पलीकडे अनडेड पॅरिशचे चर्च. मला एवढ्याला दोन आठवडे लागले. चर्चमध्ये एक लिफ्ट दिसते. आपण तिच्यात उभे राहतो, ती खाली खाली जाते, आणि दार उघडते तर समोर फायरलिंक! जिथून निघालो तीच जागा, तीच शेकोटी. त्या रात्री मी कंट्रोलर खाली ठेवला आणि वहीत पहिली वळलेली रेघ काढली. इतके दिवस आपण दूर जातो आहोत असे वाटत होते. प्रत्यक्षात घराच्या डोक्यावरच हिंडत होतो. पुढे ब्लाइटटाउनच्या दलदलीतून वर येणारी वाटही न्यू लोंडोच्या बुडालेल्या अवशेषांमार्गे याच देवळाशी येऊन मिळते.

हे जग असे विणता आले याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. खेळाच्या जवळजवळ निम्म्या भागात एका शेकोटीवरून दुसरीवर क्षणात जाण्याची सोय नाही. ती अनॉर लोंडो या देवनगरीत 'लॉर्डव्हेसल' हे पात्र मिळाल्यावर येते. तोवर सगळे पायी. जगाचा नकाशा खेळ देत नाही, तो खेळणाऱ्याच्या डोक्यात तयार व्हावा लागतो.

या खेळाच्या काठिण्याचा उगम इथेच आहे. माझी बोटे पंचवीस वर्षांच्या मुलासारखी चालत नाहीत, आणि हा खेळ माझ्यासारख्यासाठी नाही असे मला सांगण्यातही आले होते. पण खेळ बोटांची परीक्षा थोडी आणि स्मरणाची फार घेतो. कोणत्या कोपऱ्याआड भालेवाला उभा आहे, कोणत्या जिन्यावरून जळते पिंप गडगडत येते, हे एकदा मरून कळते, दुसऱ्यांदा मरून लक्षात राहते. तिसऱ्यांदा आपण त्या वाटेने गल्लीतून दूध आणायला निघाल्यासारखे जातो. मी हा खेळ पुरा केला तो हातांच्या चपळाईने नव्हे, पाठांतराने.

कथाही त्याच रीतीने हाती येते. ग्विन या देवराजाने विझू लागलेली आद्य ज्योत टिकवण्यासाठी स्वतःला सरपण म्हणून जाळले, हे कुणी सलग सांगत नाही. ते एखाद्या अंगठीच्या वर्णनातल्या दोन ओळींत, एखाद्या मूर्तीच्या रिकाम्या चौथऱ्यात विखुरलेले आहे. लहानपणी ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांतले न कळलेले भाग आपण कल्पनेने भरून काढत असू, असे मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितले आहे. खेळणारा इथे तेच करतो. अखेर ग्विन भेटतो तो राखेने भरलेल्या भट्टीत, भान हरपलेला. शेवटच्या लढाईला रणवाद्ये नाहीत, पियानोचे हळू सूर आहेत. इतका लांबचा रस्ता पायाखाली घातलेला असल्यामुळे ते सूर लागतात.

आता दुसरा खेळ. ड्रँगलिक हे राज्य, समुद्रकाठचे माजुला हे उतरत्या उन्हातले गाव. जागा म्हणून माजुला फायरलिंकपेक्षाही सुंदर आहे. पण इथे शेकोटीवरून शेकोटीवर जाण्याची सोय पहिल्यापासून आहे. शिवाय शक्ती वाढवायची तर माजुलात राहणाऱ्या एमराल्ड हेराल्ड या स्त्रीशीच बोलावे लागते. त्यामुळे दर थोड्या वेळाने आपण माजुलात प्रकट होतो आणि तिथून हव्या त्या ठिकाणी. परतीची वाट चालावीच लागत नाही, म्हणून ती लक्षात ठेवावीही लागत नाही. माझ्या वहीतल्या रेघा थांबल्या त्या यामुळे.

तुटकपणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अर्थन पीकचे. पवनचक्कीच्या या मनोऱ्याच्या वर काही नाही, हे बाहेरून स्पष्ट दिसते. शिखरावरच्या राणीला हरवून आपण लिफ्टने आणखी वर जातो, आणि पोहोचतो आयर्न कीप या लाव्हारसात बुडत चाललेल्या लोखंडी किल्ल्यात. जमिनीत खचलेला किल्ला मनोऱ्याच्या डोक्यावर! पाठीराखे म्हणतात, हे विस्मरण आहे. मधला प्रवास नायक विसरला. पण मधे काही गळले असल्याची एकही खूण तिथे नाही. निर्मिती अर्ध्यावर आली असताना सगळ्या खेळाचा नव्याने विचार करावा लागला, हे तानिमुरांनी स्वतः सांगितलेले आहे. बांधकामातली फट आणि योजून ठेवलेली पोकळी यांत समीक्षकाने फरक केला पाहिजे. नाहीतर कोणत्याही दोषाला आशय चिकटवता येईल.

माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. विस्मरणाचे दुःख भोगायला आधी काही लक्षात असावे लागते. पहिल्या खेळाने वाट पाठ करायला लावली. ती विसरायला लावली असती तर घाव बसला असता. दुसरा खेळ वाट पाठच करू देत नाही. ज्याने काही लक्षात ठेवलेच नाही, तो विसरणार काय?

तरीही या खेळाला निकालात काढता येत नाही. त्याला विस्मरण साधले आहे, फक्त नकाशात नव्हे, इतरत्र. दर मृत्यूगणिक आपले कमाल आयुष्य थोडे कमी होते, अगदी निम्म्यापर्यंत. एकाच शत्रूला डझनभर वेळा मारले की तो पुन्हा उगवत नाही. मी अडखळत राहिलो तसतसे रस्ते ओस पडत गेले. अनेकांना ही सवलत वाटते. मला तो रिकामा रस्ता सर्वांत भयाण वाटला. व्हेंड्रिक राजाला शोधत आपण तळघरापर्यंत जातो, तर तो तलवार फरफटत गोल गोल फिरतो आहे. राजवस्त्रे जमिनीवर पडलेली, आणि आपण आल्याचे त्याला भानही नाही.

स्थळ आणि स्मृती एकदा तरी इथे खरोखर भेटतात. फॉरेस्ट ऑफ फॉलन जायंट्स या झाडांनी गिळलेल्या किल्ल्यात आपण अगदी आरंभी हिंडतो. बऱ्याच काळाने तिथल्याच मेलेल्या राक्षसांच्या आठवणींत शिरता येते, आणि तोच किल्ला वेढ्याच्या दिवसांत, आगीच्या वर्षावात उभा दिसतो. तिथे थांबायला वेळही मोजकाच मिळतो. पहिला खेळ जागांना जागा जोडतो. इथे एका जागेला तिचाच भूतकाळ जोडला आहे. ही कल्पना पहिल्या खेळाच्या लिफ्टच्या तोडीची आहे. सबंध ड्रँगलिक असे रचले असते, तर वरचा आक्षेप मी घेतला नसता.

न्यायाने हेही सांगायला हवे की लॉर्डव्हेसल मिळाल्यावर पहिला खेळही सैल पडतो. लॉस्ट इझालिथचा लाव्हारसाचा प्रदेश घाईने उरकलेला दिसतो. क्षणात जाण्याची सोय आली आणि तिथेही माझ्या रेघा विरळ झाल्या. हा नियम दोन्ही खेळांना सारखाच लागू आहे.

हा लेख लिहिताना वही मुद्दाम कपाटात ठेवली होती. फायरलिंकपासून चर्चच्या लिफ्टपर्यंतची वाट मी न पाहता, पायरीपायरीने लिहू शकलो. ड्रँगलिकमधल्या जागांची नावे आठवेनात, तेव्हा वही काढावी लागली. एका नावासाठी मात्र लागली नाही. मिराह देशातून भावाच्या शोधात आलेली, मुखवटा घातलेली एक तलवारधारी स्त्री या खेळात वाटेवर पुन्हा पुन्हा भेटते. दर भेटीत तिला स्वतःविषयी थोडे कमी आठवते. शेवटच्या भेटीत ती एवढेच मागते, की माझे नाव तू तरी लक्षात ठेव. लुकाटिएल.