विमानयुद्धाचे ऐतिहासिक चित्र : तपशिलाची अचूकता आणि दृष्टीची अचूकता

प्रस्तावना

वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये शिवाजी महाराजांचे विश्वसनीय चित्र अभ्यासकांपुढे आणले. तोपर्यंत इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात प्रचारात होते. पुस्तकातील चूक वाचकाला शोधता येते, खोडता येते. चित्रातील चूक मात्र डोळ्यांत बसते आणि पुढच्या चित्रकाराच्या हातात उतरते. मराठी अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. छायाचित्रणाच्या युगात असा प्रश्न उद्भवणार नाही, असे कोणाला वाटेल. परंतु विसाव्या शतकातील एक मोठा विषय असा आहे की जेथे कॅमेरा असूनही तो नेमक्या क्षणी हजर नव्हता. तो विषय म्हणजे आकाशातील युद्ध. भारतीय वायुसेनेच्या 1947-48, 1965 आणि 1971 मधील अनेक झुंजी आज सामान्य नागरिकांस ज्ञात आहेत त्या मुख्यतः रंगविलेल्या चित्रांमुळे. म्हणून या चित्रांची समीक्षा हा केवळ कलेचा प्रश्न राहत नाही.

लष्करी विमानांच्या इतिहासनिष्ठ चित्रणाची परंपरा इंग्लंड-अमेरिकेत चांगली रुजली आहे. ब्रिटनमध्ये विमानचित्रकारांचा संघ 1971 मध्ये स्थापन झाला. आपल्याकडे वायुसेनेतीलच ग्रुप कॅप्टन देब गोहाईं यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. तथापि मराठी कलासमीक्षेने या प्रकाराकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. कलेचे अभ्यासक त्याला दिनदर्शिकेवरील सजावट समजतात. विमानांचे शौकीन चित्रातील रिव्हेट मोजतात आणि समाधान पावतात. दोघांच्याही नजरेतून चित्र निसटते.

खुणा, रंग आणि पुरावा

तपशिलाच्या अचूकतेचे महत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे, कारण या प्रकारात तपशील हाच कालनिर्देश असतो. विमानाच्या पंखावरील वर्तुळचिन्हाचेच उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी त्याची गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होण्याचा धोका होता. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे चिन्ह आले आणि 1950 पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे व केंद्रस्थानी हिरवे असे आजचे वर्तुळ रूढ झाले. म्हणजे 1947-48 च्या काश्मीर मोहिमेतील टेम्पेस्ट विमानावर तिरंगी वर्तुळ रंगविणारा चित्रकार नकळत प्रसंग काही वर्षे पुढे ढकलतो. केशरी आणि हिरव्याची अदलाबदल करणारा तर कोणत्याच काळात उभा राहत नाही.

विमानाच्या अंगाच्या रंगाचेही तसेच. 1965 च्या युद्धातील नॅट विमाने उघड्या धातूच्या चंदेरी रंगाची होती, तर त्याच आकाशात उडणारी हंटर विमाने करड्या-हिरव्या छद्मरंगात होती. 1971 पर्यंत चित्र पालटले. मिग-21 सारख्या विमानांवर युद्धापूर्वीच्या काही महिन्यांत घाईने छद्मरंग चढविण्यात आले आणि प्रत्येक स्क्वाड्रनने ते आपापल्या परीने चढविले. त्यामुळे '1971 चे मिग-21' असा एकच ठरावीक रंग शोधणे व्यर्थ आहे. विशिष्ट स्क्वाड्रन, विशिष्ट विमान आणि शक्य तर विशिष्ट दिवस, इतके खाली उतरल्याशिवाय रंगपेटी उघडता येत नाही.

येथे पुराव्याची अडचण सुरू होते. जुनी कृष्णधवल छायाचित्रे रंगांबाबत फसवी असतात. पहिल्या महायुद्धातील ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर तांबडा रंग जवळजवळ काळा उतरतो आणि निळा फिका पडतो. विविध शहरांत चौथऱ्यांवर उभी केलेली निवृत्त विमाने त्याहून धोकादायक, कारण ती प्रत्यक्ष वस्तू असल्याने त्यांच्यावर सहज विश्वास बसतो. वस्तुतः ती अनेकदा नव्याने रंगविलेली असतात आणि रंगविताना जो डबा हाती आला तो वापरला जातो. मॉडेलच्या खोक्यावरील चित्रे हा तिसरा स्रोत. एअरफिक्स कंपनीसाठी रॉय क्रॉस यांनी काढलेली खोक्यांवरील चित्रे जगभरच्या मुलांनी विमानांची पहिली ओळख म्हणून पाहिली आणि ती कौशल्यपूर्ण होती. परंतु पुढे त्यांतील काही चित्रांवरून बॉम्ब व स्फोट पुसून टाकण्यात आले. विक्रीसाठी चित्राला हात लागतो तेव्हा ते पुरावा म्हणून वापरताना सावध राहिलेले बरे.

श्रीनगर, 14 डिसेंबर 1971

एवढे सगळे तपशील बिनचूक जमले तरी चित्र खोटे असू शकते. हे दाखविण्यासाठी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्या अखेरच्या झुंजीइतके योग्य उदाहरण नाही. 18 स्क्वाड्रनच्या सेखों यांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असताना नॅटमधून उड्डाण केले आणि सहा सेबर विमानांशी सामना दिला. वायुसेनेला मिळालेले एकमेव परमवीर चक्र ते हेच. त्यांच्या विमानाचे अवशेष एका दरीत सापडले, पार्थिव मिळाले नाही. झुंजीचे छायाचित्र नाही. अर्थात चित्रकारांनी ते पुनःपुन्हा रंगविले, आणि तसे होणे स्वाभाविकच होते.

या प्रसंगाच्या प्रचलित मांडणीत एक नॅट आणि त्याच्याभोवती सेबरांचा घोळका एकाच चौकटीत कोंबलेला दिसतो. वीरश्रीसाठी हे उपयुक्त आहे. रामायण-महाभारताच्या कॅलेंडरांवर रथ जसे एकमेकांना खेटून उभे असतात, तीच ही रचना. परंतु जेट विमानांची झुंज अंतरांची असते. नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे 6.7 मीटर, सेबरचा 11 मीटरांहून अधिक. हात लांब करून डोळ्यांपासून 60 सेंटीमीटरवर पेन्सिल धरली, तर 500 मीटर अंतरावरील नॅट मागून तिच्या जाडीएवढा, म्हणजे आठ मिलिमीटर दिसेल आणि सेबर साधारण चौदा मिलिमीटर. नॅटची खरी शक्ती या लहानपणात होती: तो शत्रूच्या नजरेत लवकर येत नसे. जो चित्रकार नॅटला सेबरच्या बरोबरीने मोठा करून अग्रभागी आणतो, तो त्याच्या दोन 30 मिलिमीटरी तोफा कितीही नेमक्या रंगवो, त्या विमानाचा मुख्य गुणच नष्ट करतो. सेखों यांचा एकाकीपणाही अशा गर्दीत हरवतो. त्यांच्यासोबत उडालेले विमानही त्यांना दृष्टीने गाठू शकत नव्हते, हे लक्षात घेतले तर रिकामे आकाश हाच या प्रसंगाचा खरा आशय ठरतो.

प्रकाशाचा मुद्दाही दुर्लक्षित राहिला आहे. श्रीनगर 34 उत्तर अक्षांशावर आहे. 14 डिसेंबरला तेथे भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 33 अंशांहून वर चढत नाही. म्हणजे दिवसभर प्रकाश तिरपा, सावल्या लांब, आणि भोवतालच्या हिमाच्छादित रांगांवरून परावर्तित होऊन विमानाच्या खालच्या अंगाला उजळविणारा. असे असताना आपल्या अनेक चित्रांत डोक्यावरचा उन्हाळी सूर्य आणि कापसासारखे फुगीर पांढरे ढग दिसतात. हे ढग काश्मीरचे नाहीत, ते केंट परगण्याचे आहेत. ब्रिटनच्या लढाईवरील इंग्रजी चित्रांतून ते आले. विमान भारतीय, खुणा भारतीय, आणि आकाश उसने, अशी विसंगती तपशील तपासणाऱ्याच्या यादीत कधी येतच नाही.

पाहणारा चित्रकार

याच्या उलट टोकाला पॉल नॅश यांचे 1941 चे 'बॅटल ऑफ ब्रिटन' हे चित्र आहे. त्यात एकाही विमानाचे रिव्हेट मोजता येत नाहीत. धुराच्या व वाफेच्या रेषा, नदीचे वळण आणि दूरवर समुद्र एवढेच आहे. दम्यामुळे नॅश यांना विमानातून उडताच आले नाही. तरीही जमिनीवरील माणसाला त्या उन्हाळ्यात वर काय दिसले असेल, याबाबत ते चित्र अनेक काटेकोर चित्रांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. तथापि नॅश यांना आदर्श मानून तपशिलाला रजा देणे हेही सोयीचेच ठरेल. त्यांच्या चित्रावरून विमान कोणते, स्क्वाड्रन कोणती, हे सांगता येत नाही, आणि हुतात्म्याचा प्रसंग रंगविणाऱ्यावर हे सांगण्याची जबाबदारी असते.

दोन्ही गोष्टी साधणारी उदाहरणे थोडी आहेत. फ्रँक वूटन 1944 मध्ये हवाई दलासोबत फ्रान्समध्ये होते. फालेझच्या खिंडीवर रॉकेट डागणाऱ्या टायफून विमानांचे त्यांचे चित्र प्रत्यक्ष पाहिलेल्या धुळीतून आणि धुरातून आलेले आहे. कीथ फेरिस यांचा मार्ग वेगळा. वॉशिंग्टनच्या विमान व अवकाश संग्रहालयातील 25 फूट उंच आणि 75 फूट रुंद भित्तिचित्रात त्यांनी 15 ऑगस्ट 1944 रोजी वीसबाडेनच्या मोहिमेवरून परतणारे 'थंडर बर्ड' हे बी-17 विमान रंगविले. ही घटना त्यांनी पाहिलेली नव्हती. विमानाच्या समोरच्या, बाजूच्या व वरच्या आराखड्यांवरून भूमितीच्या साहाय्याने यथार्थदर्शन उभे करायचे, प्रेक्षकाचा डोळा नेमका कोठे आहे ते आधी ठरवायचे आणि मग रंग हाती घ्यायचा, ही त्यांची शिस्त. दृष्टीची अचूकता येथे स्फूर्तीवर सोडलेली नाही, ती मोजलेली आहे.

भारतीय परंपरेत या दोन्ही मार्गांच्या आधी एक नाव येते, ते इंद्रलाल रॉय यांचे. पहिल्या महायुद्धात 40 स्क्वाड्रनमधून एस.ई.5ए विमान उडविणारे आणि 22 जुलै 1918 रोजी एकोणिसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेले रॉय अपघातातून बरे होत असताना विमानांची रेखाटने करीत. ती रेखाटने सफाईदार आहेत की नाहीत हा प्रश्न गौण आहे. विमान वळताना कोणता पंख डोळ्यांआड जातो, हे ज्याने अंगाने अनुभवले त्याच्या हातची ती आहेत.

महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारा विद्यार्थी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि भूमिती हे विषय वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत सोडवितो. विमानाचे ऐतिहासिक चित्र या कप्प्यांत बसत नाही: वस्तू समोर नसते, स्मरण दुसऱ्याचे असते आणि दोहोंना जोडणारी एकमेव साखळी भूमिती असते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जाऊन नॅट मोजणे सहज शक्य नाही. परंतु इंटरमिजिएटसाठी घनाकृतींचे प्रक्षेप काढायला तो शिकलेलाच असतो, आणि प्रकाशित त्रिदृश्य आराखडे हाती आले की नॅटचा आराखडा शंकू व नळकांड्याच्या प्रक्षेपाहून फार वेगळा राहत नाही. आकाशासाठी तर त्याला कोठे जावेच लागत नाही. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता कापसाच्या शेतावर पडणाऱ्या तिरप्या उन्हात हातभर लांब पेन्सिल धरून दूरचा बगळा मोजला, तरी श्रीनगरच्या चित्रातील निम्म्या चुका कोठून आल्या ते त्याला कळू लागेल.